गुडघ्याला आणि मनगटाला लावायची ट्यूब : कोणती, किती आणि कशी?

प्रश्न : केज तालुका, जि. बीड

नमस्कार. माझ्या आईचे वय ६१ आहे. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू झाली की ती दिवसभर शेतात वाकून असते आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत दोन्ही गुडघे ठणकू लागतात. उजव्या गुडघ्यावर थोडी सूजही येते. शिवाय उजव्या हाताच्या अंगठ्याचे मूळ आणि मनगट इतके दुखते की भाकरी थापताना तिला मध्येच थांबावे लागते. एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनी गुडघ्यांची झीज सुरू झाल्याचे सांगितले, मात्र शस्त्रक्रियेची वेळ अजून आलेली नाही, असेही ते म्हणाले.

तिला रक्तदाब आहे. त्यासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी रोज चालू आहे. त्याच्या जोडीला ती गेल्या हंगामापासून मेडिकलमधून दुखण्याच्या सुट्या गोळ्या आणून खात होती. रक्तदाबाच्या तपासणीत हे डॉक्टरांच्या लक्षात आले. मूत्रपिंडांच्या दृष्टीने या गोळ्या बंद करा आणि वरून लावायचे औषध वापरून पाहा, असे त्यांनी सांगितले. पण गर्दीमुळे कोणते आणि कसे, हे विचारायचे राहून गेले.

सध्या घरात एक जेलची ट्यूब, एक बामची डबी आणि एक स्प्रे आहे. हे तिन्ही एकच औषध आहे का? आई मुगाच्या दाण्याएवढे जेल घेते, कातडी लाल होईपर्यंत खसाखसा चोळते आणि त्यावर गरम विटेचा शेक घेते. ही पद्धत बरोबर आहे का? पक्व बोंडाच्या टोकदार कडांनी तिच्या बोटांना सतत ओरखडे पडलेले असतात, त्यावर हे औषध लागले तर चालते का? शेजारच्या काकू बिब्बा लावण्याचा आग्रह करीत आहेत, त्याबद्दलही जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : औषधनिर्माता, लातूर

ताई, मी लातूरमध्ये औषधविक्रीच्या व्यवसायात आहे. तुमच्या घरातील तिन्ही वस्तू एकच औषध आहेत का, याचे उत्तर डब्याच्या पुढच्या बाजूला मिळणार नाही, ते मागे बारीक अक्षरांत छापलेल्या घटकांत मिळेल. दुकानात येणारे बहुतेक लोक ‘दुखण्यावरची ट्यूब द्या’ एवढेच म्हणतात आणि हाताला येईल ती ट्यूब घेऊन जातात. खरे तर या नावाखाली निरनिराळ्या तऱ्हेने काम करणारी औषधे विकली जातात.

पहिला प्रकार म्हणजे सूज कमी करणारे औषध असलेले जेल. आपल्याकडे त्यात बहुधा डायक्लोफेनॅक असते. ट्यूबवर ‘डायक्लोफेनॅक डायइथायलअमाइन १.१६ टक्के’ असे लिहिलेले दिसेल. ते १ टक्का डायक्लोफेनॅक सोडियमइतके असते. इजा झालेल्या किंवा झिजलेल्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करते आणि त्यांच्यामुळे सूज येते, ठणका वाढतो. ही द्रव्ये तयार करणारे विकर हे औषध अडवते. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे याच वाटेने काम करतात, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. आई खात असलेली दुखण्याची गोळी बहुधा याच कुळातील असणार. मात्र गोळीतील औषध रक्तातून सगळ्या शरीरभर फिरते, तर जेलमधील औषध मुख्यतः लावलेल्या जागेच्या खालच्या ऊतींत राहते. गुडघ्यावर पूर्ण मात्रेत लावलेल्या १ टक्का जेलमधून रक्तात पोहोचणारे डायक्लोफेनॅक हे गोळीतून पोहोचणाऱ्या प्रमाणाच्या साधारण ६ टक्के असते.

तुमच्या आईच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा आहे. टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड आणि वेदनाशामक गोळी ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडांवर तिहेरी ताण पडतो. त्यात ऑक्टोबरच्या उन्हात दिवसभर वेचणी आणि पिण्याचे पाणी बेताचे, असे झाले तर तो ताण आणखी वाढतो. रक्तदाबाची गोळी बंद करायची नाही; बंद करायची आहे ती दुखण्याची गोळी, आणि ते तुमच्या डॉक्टरांनी योग्य वेळी ओळखले. जेल लावत असताना ‘आज जरा जास्त दुखते आहे’ म्हणून वरून गोळीही घेणे, हे मात्र कटाक्षाने टाळावे. एखाद्या दिवशी गोळीची गरज भासलीच, तर पॅरासिटामॉल किती घ्यावी हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. मूत्रपिंडांचे काम नीट चालले आहे का हे दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी झाली नसेल तर तीही करून घ्यावी.

दुसरा प्रकार बामचा. त्यात मेन्थॉल, कापूर, निलगिरीचे तेल, टर्पेंटाइन आणि मिथाइल सॅलिसिलेट यांपैकी काही ना काही असते. आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या मलमांवर ‘गंधपुरा तेल’ असे लिहिलेले असते. ते तेल म्हणजे जवळजवळ संपूर्णपणे मिथाइल सॅलिसिलेटच, म्हणजे अ‍ॅस्पिरिनचे जवळचे नातलग. मेन्थॉल त्वचेतील थंडीची जाणीव देणारे चेतातंतू जागे करते, म्हणून गार वाटते. मिथाइल सॅलिसिलेटने जागा लाल होते, गरम वाटते आणि या नव्या जाणिवेपुढे आतली वेदना काही वेळ मागे पडते. हा आराम खोटा नाही, पण झिजलेल्या सांध्याच्या सुजेवर त्याचा परिणाम मर्यादित असतो. अमृतांजन १८९३ मध्ये मुंबईत सुरू झाले, तेव्हापासून म्हणजे कित्येक पिढ्यांपासून आपल्या घरांत बामच्या झोंबण्याची आणि वासाची इतकी सवय झालेली आहे की साधे डायक्लोफेनॅक जेल नेलेले लोक ‘याला वासही नाही आणि हे लागतही नाही’ अशी तक्रार घेऊन परत येतात. झोंबणे ही औषध लागू पडल्याची खूण नाही, हे आईंना आवर्जून सांगावे. बाजारातील पुष्कळ जेलमध्ये डायक्लोफेनॅक, मिथाइल सॅलिसिलेट, मेन्थॉल आणि जवसाचे तेल अशी सगळी सरमिसळ असते. स्प्रेचेही बहुतांशी तसेच आहे; पाठीसारख्या हात न पोहोचणाऱ्या जागेसाठी तो सोयीचा, एवढाच त्याचा विशेष.

मिरचीतील कॅप्सेसिनचे मलमही मिळते. पहिले काही दिवस ते चांगलेच भाजते आणि नियमित लावत राहिले तरच पुढे वेदना कमी होते. उष्णतेची जाणीव देणारा चेतातंतूंवरचा ग्राहक (रिसेप्टर) याच कॅप्सेसिनच्या साहाय्याने शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल विभागून मिळाले. ओरखडलेल्या बोटांनी काम करणाऱ्या आणि घामेजलेला चेहरा त्याच हातांनी पुसणाऱ्या बाईला मी ते देणार नाही.

आता मात्रा. मुगाच्या दाण्याएवढ्या जेलने गुडघ्याला काहीही होणार नाही, आणि ‘जेलने गुण येत नाही’ असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांची अडचण इथेच असते. १.१६ टक्क्याच्या जेलची नेहमीची मात्रा एका वेळी २ ते ४ ग्रॅम, दिवसातून ३ ते ४ वेळा अशी असते. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून सरळ रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम जेल येते. म्हणजे एका गुडघ्याला कमीत कमी चार रेघा, आणि मनगटासह अंगठ्याच्या मुळाला सगळे मिळून तीन-चार रेघा. या हिशेबाने ३० ग्रॅमची ट्यूब एकाच गुडघ्याला फार तर पाच दिवस पुरते. हा खर्च शेतकरी कुटुंबाला जाणवतो, याची मला कल्पना आहे. म्हणून ज्या जागेचा त्रास सर्वाधिक आहे तिथे पूर्ण मात्रेत लावावे. सगळीकडे थोडे थोडे फासून ट्यूब संपवू नये. डायक्लोफेनॅकचे साधे जेल निरनिराळ्या कंपन्यांचे मिळते, त्यातले स्वस्त असेल ते मागून घ्यावे.

लावताना जागा धुऊन कोरडी करावी, जेल हलक्या हाताने पसरावे आणि मुरू द्यावे. खसाखसा चोळण्याची गरज नाही. हाताला लावले असेल तर तासभर हात धुऊ नयेत. गुडघ्याला लावले असेल तर लगेच धुवावेत. ओरखडे, भेगा, पुरळ यांवर कोणतेच जेल लावू नये. आईंच्या मनगटाची आणि अंगठ्याच्या मुळाची त्वचा अखंड असेल तर तिथे खुशाल लावावे, बोटांची टोके मात्र सोडावीत. आणि गरम विटेचा शेक या औषधांवर अजिबात घेऊ नये. मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट असलेल्या मलमांमुळे काही लोकांना भाजल्यासारख्या गंभीर जखमा झाल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये तसा जाहीर इशारा दिला होता. शेक घ्यायचाच असेल तर औषध लावण्याच्या बराच वेळ आधी, कोऱ्या त्वचेवर घ्यावा आणि त्वचा निवल्यावरच जेल लावावे.

उत्तर २ : परभणी

बिब्ब्याबद्दल मी लिहितो, कारण आमच्या भागात हा उपाय अजूनही सर्रास चालतो. बिब्ब्याला सुई टोचून तो दिव्याच्या ज्योतीवर धरतात आणि सुटणारे काळे तेल दुखऱ्या गुडघ्यावर किंवा टाचेवर ठिपक्या-ठिपक्यांनी लावतात. त्या तेलात त्वचेला अत्यंत दाहक असणारी द्रव्ये असतात. काजूच्या टरफलातील तेलाने कातडी जळते, तोच हा प्रकार; आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातील आहेत. माझ्या मामींच्या गुडघ्यावर असाच बिब्बा लावला गेला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो उतला. ठिपके होते तेवढ्याच जागी नव्हे, तर मांडीपर्यंत पाण्याचे फोड आले, रात्ररात्र खाज सुटली आणि पुढे ते फोड चिघळले. फोड बरे झाले, पण काळे डाग आजही आहेत. गुडघेदुखी होती तेवढीच राहिली.

बिब्बा आयुर्वेदात औषध म्हणून आहे, हे काकूंचे म्हणणे खरे असेल. पण तिथे तो शुद्ध करून, वैद्याच्या देखरेखीखाली वापरायचा असतो. चुलीपुढे बसून कच्च्या बिब्ब्याचे तेल लावणे ही वेगळीच गोष्ट आहे. चुकून लागलाच तर ती जागा ताबडतोब साबणाने व भरपूर पाण्याने धुवावी, तेच हात चेहऱ्याला लावू नयेत आणि फोड आल्यास दवाखान्यात जावे.

निर्गुडीच्या पाल्याचा शेक किंवा वसमतच्या चांगल्या हळदीचा कोमट लेप यांचे मात्र तसे नाही. त्वचेला सोसत असेल तर त्यांनी बरे वाटते आणि सहसा अपाय होत नाही. फक्त वरच्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे बामवर शेक नको आणि लेपाखाली जेल नको.

उत्तर ३ : फिजिओथेरपिस्ट, नांदेड

औषधनिर्मात्यांनी मात्रेबद्दल लिहिले ते फार गरजेचे होते. जेलकडून अपेक्षा किती ठेवावी, एवढे त्यात घालतो. पाय मुरगळणे, लचक भरणे, मुका मार लागणे अशा ताज्या दुखण्यात डायक्लोफेनॅक जेल उत्तम काम करते. उपलब्ध संशोधनाची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यातही हे स्पष्ट दिसते. झिजेच्या दुखण्यात गुण येतो, पण तो मध्यम असतो. त्याच संस्थेच्या दुसऱ्या आढाव्यानुसार ६ ते १२ आठवडे जेल लावल्यावर १०० पैकी सुमारे ६० जणांना चांगला आराम पडला, तर औषध नसलेले जेल लावणाऱ्या १०० पैकी सुमारे ५० जणांनाही तसाच आराम पडला. तरीही गुडघ्याच्या आणि हाताच्या झिजेसाठी गोळीच्या आधी जेल वापरून पाहावे असा सल्ला दिला जातो, कारण अपाय कमी आहे आणि कोणाला गुण येईल हे वापरल्याशिवाय कळत नाही. पूर्ण मात्रेत आठवडाभर लावूनही काहीच फरक पडला नाही, तर ट्यूब बदलत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावे. गुडघा, मनगट, घोटा, अंगठा हे सांधे त्वचेच्या जवळ आहेत, म्हणून तिथे औषध पोहोचते. खुब्याचा सांधा खोल असतो आणि कंबरेच्या मणक्यांचेही तसेच आहे, त्यामुळे तिथल्या दुखण्यात जेलवर फार भिस्त ठेवू नये.

हाच नियम सोयाबीन काढणीत उसण भरलेल्यांना आणि ऊसतोडीत पाय मुरगळलेल्यांना लागू पडतो. ताजी दुखापत असेल तर पहिले दोन दिवस शेक नको, चोळणे नको आणि ‘नस बसवून’ घेण्यासाठी ओढाताण तर नकोच. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, पाय उशीवर उंच ठेवावा आणि नंतर कोरड्या त्वचेवर जेल लावावे. जेलवर प्लॅस्टिक किंवा हवा न जाणारी पट्टी बांधू नये, कारण त्यामुळे औषध जास्त प्रमाणात आत शिरते आणि त्वचाही उतते.

ताई, तुमच्या आईंच्या अंगठ्याचे दुखणे वेचणीशी जोडलेले दिसते. बोंडातून कापूस ओढताना अंगठा आणि पहिली दोन बोटे दिवसभर एकच चिमटीची हालचाल करीत राहतात. रात्री मनगट व अंगठा यांना आधार देणारा पट्टा बांधला आणि दिवसा अधूनमधून दुसऱ्या हाताने वेचले, तर जेलपेक्षाही अधिक फरक पडू शकतो. कमरेची ओटी गच्च भरेपर्यंत थांबू नये. अर्धी भरली की रिकामी करावी, म्हणजे वाकलेल्या स्थितीत गुडघ्यांवर आणि कंबरेवर येणारे ओझे कमी होते. घरी आल्यावर पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, ती गुडघ्याने खाली दाबून पाचपर्यंत मोजावे आणि सोडावे. असे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याचे दुखणे खरोखरच उतरते, आणि या व्यायामाला पैसे लागत नाहीत.

सांधा लालभडक व गरम होऊन ताप आला, एकाच पायाची पोटरी सुजली, पायावर भार देता येईना किंवा बधिरपणा आला, तर मात्र कोणतीही ट्यूब लावत घरी थांबू नये. तुम्हाला अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय जवळ आहे, तिथे अस्थिरोग विभागात दाखवता येईल.

प्रश्नकर्ती : केज

सर्वांचे मनापासून आभार. ट्यूबच्या मागे पाहिले, तर आईच्या जेलमध्ये डायक्लोफेनॅकसोबत मिथाइल सॅलिसिलेट आणि मेन्थॉल दोन्ही आहेत. डबीतल्या बामवर गंधपुरा तेल लिहिलेले आहे आणि तो बाम घरात सर्वांत जास्त वडील वापरतात. खांद्याला रोज रात्री लावतात. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली असून त्यांना वॉर्फरिन चालू आहे. वहिनी सात महिन्यांच्या गरोदर आहेत आणि त्यांचीही कंबर दुखते. या दोघांनी काय करावे?

उत्तर ४ : औषधनिर्माता, लातूर

ताई, वडिलांचा तो बाम आजपासून बंद करा. वॉर्फरिनमुळे रक्त गोठण्याचा वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो आणि त्वचेतून शिरलेले मिथाइल सॅलिसिलेट हा परिणाम आणखी वाढवू शकते. रोज, मोठ्या जागेवर लावल्याने वॉर्फरिन घेणाऱ्यांमध्ये आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतील आकडा) वाढल्याच्या आणि रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आईंचे जेलही त्यांनी लावू नये. वॉर्फरिनची मात्रा स्वतःहून कमी-जास्त करू नका, पण आयएनआरची तपासणी ठरलेल्या तारखेची वाट न पाहता या एक-दोन दिवसांत करून घ्या. हिरड्यांतून रक्त येणे, विनाकारण निळे-काळे डाग पडणे, लघवी लाल किंवा शौच काळी होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. बाम बंद केल्यावर आयएनआर पुन्हा खाली येऊ शकतो आणि झडप बदललेल्या माणसाला तेही परवडत नाही, म्हणून काही दिवसांनी तपासणी परत करावी लागेल. खांद्यासाठी तूर्त कोरड्या, सोसेल इतक्या गरम कापडाचा शेक घ्यावा.

वहिनींनी डायक्लोफेनॅक असलेले कोणतेही जेल आणि गंधपुऱ्याचा बाम वापरू नये. गर्भारपणाच्या २० आठवड्यांनंतर या कुळातील औषधांनी बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होण्याचा धोका असतो, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळील रक्तवाहिनी वेळेआधी आकसू शकते. जेलमधून औषध कमी शिरते हे खरे असले, तरी या काळात तो धोका घेण्याचे कारण नाही. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी, कंबरेला कोमट शेक घ्यावा आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगावे. कंबरेतून थांबून थांबून कळा येत असतील तर त्या कंबरदुखी समजू नयेत, लगेच दाखवावे.

घरात बाळ येणार आहे, म्हणून आणखी एक सांगतो. गंधपुऱ्याचे शुद्ध तेल ५ मिलिलिटर, म्हणजे चमचाभर, पोटात गेले तरी ते लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते, आणि कापराने मुलांना झटके येतात. डबी देवळीत किंवा उशाशी न ठेवता कुलपाच्या कपाटात ठेवा, आणि सर्दी झाली म्हणून तान्ह्याच्या छातीला किंवा नाकाला तो बाम लावू नका. आईंसाठी पुढची ट्यूब घेताना फक्त डायक्लोफेनॅक असलेले जेल मागा. वडिलांच्या तपासणीला जाताना बामची डबी सोबत न्या, म्हणजे तो किती दिवस आणि किती जागेवर लावला जात होता, हे डॉक्टरांना नीट सांगता येईल.